गाडीला हात न लावण्याचा नियम

डेन्झिल डाबरेला डेपोत सगळे 'कायदेवाला' म्हणायचे. त्यात थट्टा होती तसं कौतुकही होतं. वसईतल्या गासचा हा माणूस कतारला आला तो एका कुरिअर कंपनीत पार्सलं पोचवणारा ड्रायव्हर म्हणून, आणि इतकी वर्षं त्याच कंपनीच्या गाडीवर टिकला. बायको पॉलीन एका इस्पितळाच्या ओपीडीत नर्स. दोघं अल मन्सूरातल्या एका जुन्या इमारतीत राहायची. डेन्झिल उंचीने बेताचा, बोलायला सावकाश, पण एकदा एखादा मुद्दा धरला की सोडायचा नाही. परदेशी कामगारांना इथे युनियन काढता येत नाही. मात्र कंपनीत कामगारांनी निवडून दिलेले आणि व्यवस्थापनाने नेमलेले लोक मिळून एक जॉइंट कमिटी असते. तिच्यात ड्रायव्हरांच्या बाजूने डेन्झिल दोनदा निवडून आला होता. दुसरा प्रतिनिधी गुलबर्ग्याचा इनायत, आवाजाने दांडगा आणि मनाने सरळ.

या दोघांनी मिळून जे काही मिळवलं, त्यात अ‍ॅक्टिंग सुपरवायझरचे नियम सगळ्यांत मोठे. सुपरवायझर रजेवर गेला की ड्रायव्हरांतलाच एकजण त्याच्या खुर्चीत बसवायचा, ही कंपनीची जुनी रीत. पूर्वी मॅनेजरच्या मर्जीतला माणूस बसायचा. महिनोन् महिने बसायचा. ओव्हरटाइमच्या चांगल्या फेऱ्या स्वतःच्या नावावर लावून स्वतःच गाडी घेऊन जायचा, सोबत्यांच्या तक्रारी लिहायचा, आणि मुदत संपली की पुन्हा त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवायला यायचा. यावरून एकदा डेपोत हातघाईवर प्रकरण आलं होतं. म्हणून कमिटीत ठरलं की ही जागा ज्येष्ठतेने पाळीपाळीने मिळेल, ठरावीक मुदतीपुरतीच मिळेल, तेवढे दिवस तो माणूस कमिटीत बसणार नाही, कुणाला वॉर्निंग देणार नाही. आणि शेवटचा नियम, जो डेन्झिलने स्वतः मांडला आणि स्वतः लढवला, तो असा की अ‍ॅक्टिंग असेपर्यंत त्याने गाडीला हात लावायचा नाही. एकही फेरी मारायची नाही.

मॅनेजरने विचारलं होतं, अगदी अडचण आली तरी नाही? डेन्झिल म्हणाला होता, अडचणीसाठी दार उघडलं की रोज अडचण येते. त्या बैठकीनंतर ड्रायव्हरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

त्या ड्रायव्हरांत मुदस्सिर होता. रायगडातल्या म्हसळ्याकडचा, पन्नाशीचा, पांढरी दाढी नीट कातरलेली. ड्रायव्हरांत मराठी बोलणारे हे दोघेच. मुदस्सिर कामगारांच्या वस्तीत, बरवा अल बराहाला राहायचा, आणि दर ईदला पॉलीनसाठी न चुकता शीरखुर्म्याचा डबा पाठवायचा. एकदा चहा पिताना त्याने डेन्झिलला सांगितलं की उजव्या डोळ्यात साय धरल्यासारखं झालंय. सकाळी काही वाटत नाही, पण सूर्य उतरला की समोर सगळं पांढरं होतं, आणि समोरच्या गाडीच्या काचेवरून ऊन परतलं की काही म्हणजे काही दिसत नाही. डॉक्टरकडे जायला मात्र तो तयार नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत मेडिकलमध्ये नापास झालेली माणसं घरी गेली होती, त्यात त्याचा धाकटा भाऊही होता. "तुला म्हणून बोललो," तो म्हणाला, "दुसऱ्याला बोलायचं नाही."

डेन्झिलने शब्द दिला, आणि नुसता शब्द देऊन थांबला नाही. मुदस्सिरच्या नावावर चार वाजताची द पर्ल या बेटावरची फेरी होती. थंडीच्या दिवसांत ती फेरी म्हणजे बेटावरून परतताना सूर्य थेट तोंडावर, आणि मरिनाचं पाणी बाजूने चमकतंय. ड्रायव्हरांनी आपसात फेरी बदलायला कंपनीची हरकत नव्हती. डेन्झिलचं स्वतःचं काम तीनपर्यंत आटपायचं. तो चारची फेरी घेऊन जायचा, आणि मुदस्सिर डेपोत डेन्झिलची परत आलेली पार्सलं उतरवून लावायचा. असं कित्येक महिने चाललं. कुणी विचारलं तर डेन्झिल सांगायचा, मला समुद्र बघायला आवडतो. मनातून त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायचा.

मग नोव्हेंबरात सुपरवायझर कुणालचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि तो पुण्याला गेला. पाळी डेन्झिलची होती.

त्याला आनंद झाला नाही असं नाही. पॉलीनने दोन नवे शर्ट आणले. मॅनेजरने बोलता बोलता सुचवलं की कुणाल कदाचित दुसऱ्या डेपोत जाईल, मग ही जागा कायमची भरावी लागेल. डेन्झिल त्या खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या मनात पहिल्या दिवशी सगळं होतं, फक्त मुदस्सिरचा डोळा नव्हता. तो आठवला दुपारी, चारची फेरी लावायची वेळ आली तेव्हा. त्याने ती एका नव्या ड्रायव्हरला दिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. मुदस्सिरला काही ना काही कारण काढून डेपोत ठेवलं.

पण तो महिना सेलचा. ऑनलाइन खरेदीचा पूर आलेला, गाड्या छतापर्यंत भरून निघत होत्या. ज्याच्या नावावर फेरी नाही त्याला ती ओढावी लागली की तो चिडणारच. आठवडाभरात कुजबुज सुरू झाली की खुर्चीत बसल्यावर कायदेवाल्यालाही आपला गाववाला दिसायला लागला. इनायत त्याच्या टेबलापाशी आला. आदराने बोलला, पण बोलला. फेरी ज्याच्या नावावर त्याने मारायची, हे आपणच लिहून घेतलंय ना भाई, असं तो हिंदीत म्हणाला, मग मुदस्सिरला सूट कशाची? डेन्झिलला कारण सांगता येईना. त्याने शब्द दिला होता. आणि खरं तर आणखीही एक गोष्ट होती, ती म्हणजे मॅनेजरच्या कानावर पक्षपाताची तक्रार जायला नको होती. तो इनायतला म्हणाला, उद्यापासून ठीक होईल.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर चारच्या फेरीसमोर मुदस्सिरचं नाव लागलं. मुदस्सिरने ते पाहिलं आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"आजच्या दिवस तू ने ना रे, डेन्झिल."

"मला गाडीला हात लावता येत नाही, मुदस्सिरभाई. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," मुदस्सिर म्हणाला, आणि त्याने चावी घेतली.

निघण्याआधी तो समोरची काच बराच वेळ पुसत होता. डेन्झिलने खिडकीतून ते पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागला. आज डोकं दुखतंय म्हण, तब्येत बरी नाही म्हण, एवढं तरी त्याला सांगता आलं असतं. ते सुचलं, पण गाडी गेटबाहेर गेल्यावर. तेव्हाही फोन करता आला असता. फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात कुणीतरी फाटलेल्या पार्सलाची तक्रार घेऊन आलं, आणि तो फोन तसाच टेबलावर राहिला.

बातमी यायला फार वेळ लागला नाही. द पर्लवरून बाहेर पडताना वळणावर गाडी फुटपाथवर चढली होती आणि दिव्याच्या खांबाला धडकली होती. डेन्झिल दुसऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून तिथे पोचला. मुदस्सिरला अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं होतं. खांब वाकला होता, पार्सलं रस्त्याकडेला रचून ठेवली होती, पोलिस मोजमाप घेत होते. खांबामागे एक बाक होता. त्या बाकापाशी एक फिलिपिनो बाई बाबागाडी घेऊन उभी होती. तिला काही लागलं नव्हतं, बाळालाही नाही. पण ती बाळाला उचलायची, छातीशी धरायची, गाडीत ठेवायची आणि पुन्हा उचलायची. थोड्या वेळापूर्वी ती त्याच बाकावर बसली होती, एवढं डेन्झिलला पोलिसांच्या बोलण्यावरून कळलं. तो तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलावं म्हणून. तिने त्याच्या छातीवरचा कंपनीचा बिल्ला पाहिला आणि बाबागाडी मागे ओढून घेतली.

इस्पितळात मुदस्सिरच्या गुडघ्याची वाटी फुटल्याचं निघालं. शुद्धीवर होता. डेन्झिलला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाला, "डोळ्याचं बोलू नकोस. ऊन डोळ्यावर आलं म्हणून सांगितलंय पोलिसांना. खोटं थोडंच आहे ते?"

डेन्झिलने मान हलवली. आणि मान हलवताना त्याला सुटल्यासारखं वाटलं. मुदस्सिर स्वतःच गप्प राहा म्हणतोय, म्हणजे आपण गप्प राहिलो तर ते त्याच्यासाठीच. हे सुटल्यासारखं वाटणंच पुढे त्याला सगळ्यांत जास्त छळणार होतं, पण त्या दिवशी ते कळलं नाही.

कंपनीची चौकशी बसली. कमिटीत बसता येत नसलं तरी चौकशीला अ‍ॅक्टिंग सुपरवायझर व्यवस्थापनाच्या बाजूला बसतो. टेबलापलीकडे, जिथे डेन्झिल आजवर बसत आला होता, तिथे इनायत एकटा होता. तो मुदस्सिरसाठी जीव तोडून बोलला. सेलच्या दिवसांत गाड्या किती भरतात, माणूस किती थकतो, सगळं बोलला. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि डेन्झिलकडे वळून विचारलं, या ड्रायव्हरला त्या फेरीवर पाठवू नये असं काही कारण तुझ्या माहितीत होतं का?

डेन्झिल म्हणाला, "नाही."

मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. एवढ्या गर्दीत, एवढ्या दबावात या माणसाने नियम मोडला नाही, बोर्ड नीट ठेवला. इनायतनेही मान डोलावली. मुदस्सिरच्या नावावर निष्काळजीपणा लागायची चिन्हं दिसत होती. अंतिम निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा होता.

त्यानंतर डेन्झिलचं जेवण कमी झालं. ऑफिसातून आला की बूट न काढता सोफ्यावर बसून राहायचा. पॉलीन काही दिवस बघत राहिली. मग एका संध्याकाळी तिने मासळी साफ करता करता विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. शब्द दिल्याचं, फेऱ्या बदलल्याचं, काच पुसत असलेल्या मुदस्सिरचं, त्या बाईचं. शेवटी म्हणाला की नियम माझाच होता, मी तरी काय करणार होतो?

पॉलीनने हात धुतले. त्याला वाटलं ती धीर देईल.

"नियमाचं सोड," ती म्हणाली. "तो मोतीबिंदू असणार. आमच्याकडे सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात त्या ऑपरेशनसाठी. इतके महिने तू त्याची गाडी चालवलीस, डेन्झिल. एक दिवस त्याला माझ्याकडे घेऊन आला असतास."

आतापर्यंत डेन्झिल त्या एका दुपारचा हिशोब मनात मांडत होता, की असं केलं असतं तर, तसं केलं असतं तर. पॉलीनने एका वाक्यात त्याच्या मागच्या सगळ्या चांगुलपणावर बोट ठेवलं. त्याने मुदस्सिरला वाचवलं नव्हतं. त्याचा आंधळेपणा झाकून ठेवला होता, आणि स्वतः खुर्चीत बसल्यावर ते झाकण काढून घेतलं होतं. घरात नर्स असताना त्याला हे सुचलं नाही, कारण समुद्र बघायला आवडतो असं सांगून रोज संध्याकाळी थोडा मोठा माणूस होणं त्याला बरं वाटत होतं.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दोघं मिस्साला गेली. मिस्साआधी डेन्झिल कुमसाराच्या, म्हणजे पापांची कबुली द्यायच्या, रांगेत उभा राहिला. पुढे एक केरळी आजोबा, त्यांच्यापुढे दोन गोव्याच्या बाया. रांग सरकत सरकत त्याची पाळी आली, आणि तो बाजूला झाला. मागच्या माणसाला म्हणाला, तुम्ही जा. फादरांना सांगितलं की फादर क्षमा करतील, प्रायश्चित्त म्हणून चार प्रार्थना देतील, आणि आपण हलके होऊन घरी जाऊ, हे त्याला माहीत होतं. फादरांच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं. चर्चमधून तो थेट बरवा अल बराहाला गेला.

मुदस्सिर खाटेवर पाय सरळ करून बसला होता. खोलीतले बाकीचे जुम्म्याच्या नमाजानंतर जेवायला गेले होते. डेन्झिलने सांगितलं की पुढच्या बैठकीत मी डोळ्याचं बोलणार आहे. मला माहीत होतं हेही बोलणार आहे.

मुदस्सिरने पायावरची चादर ओढून घेतली. मग म्हणाला, "तू बोललास की मी घरी गेलो समज. तू मला शब्द दिलेला आठवतो ना?"

"आठवतो."

"मग?"

"पाय बरा झाला की तुला पुन्हा गाडी देतील, मुदस्सिरभाई. आणि तू घेशील. त्या बाकावर एक बाई बसली होती, तान्हं मूल घेऊन."

मुदस्सिरला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. पण तो हो म्हणाला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जा तू आता." डेन्झिल दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला, "ज्या दिवशी मी तुझ्याकडे मागितलं, त्या दिवशी तुला नियम आठवला. आज मी गप्प राहा म्हणतोय तर तुला मूल आठवतंय."

डेन्झिल बसस्टॉपवर उभा राहून तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिला.

बैठकीत तो बोलला. फार नाही बोलला. गेल्या वेळी मी नाही म्हणालो ते खोटं होतं, इथून सुरुवात केली. मुदस्सिरला दिसत नाही हे मला माहीत होतं, तरी मी त्याला पाठवलं, आणि चूक लिहायची असेल तर आधी माझ्या नावावर लिहा, असं म्हणाला. मॅनेजर पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. इनायतचा चेहरा लाल झाला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने डेन्झिलला अडवलं. त्याचा राग वेगळाच होता. अरे, मला का नाही सांगितलंस, तो म्हणाला. कमिटी कशासाठी होती? त्याचा डोळा तपासून घेतला असता, फेरी बदलून मागितली असती, नियम बदलून मागितला असता. आणि मी मूर्खासारखा तुझ्या टेबलाशी येऊन त्याला गाडीवर चढवलं. इनायतचा आवाज तेव्हा फाटला. आपल्या गप्प बसण्याने या माणसाच्या माथीही पाप मारलं, हे डेन्झिलला तेव्हा समजलं.

पुढे जे झालं ते सगळं चांगलं नव्हतं आणि सगळं वाईटही नव्हतं. डेन्झिलची अ‍ॅक्टिंगची खुर्ची त्याच दिवशी गेली, लेखी ताकीद मिळाली, आणि कायमच्या जागेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मुदस्सिरच्या नावावरचा निष्काळजीपणा काढला, पण गाडीही काढून घेतली. घरी मात्र त्याला पाठवलं नाही. इनायतने तेवढं लावून धरलं. गुडघा सांधल्यावर डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी पॉलीन त्याच्याबरोबर होती. घरी येऊन तिने सांगितलं की पट्टी काढल्यावर तो खिडकीपाशी जाऊन समोरच्या इमारतीवरचे एसी मोजत बसला. डेन्झिलबद्दल त्याने काही विचारलं का, असं डेन्झिलने विचारलं. पॉलीन म्हणाली, नाही.

कमिटीने नियमात भर घातली. तब्येतीमुळे एखादी फेरी नको असेल तर ड्रायव्हरने सुपरवायझरला कारण सांगायची गरज नाही, थेट दवाखान्यात जायचं, आणि तोवर ती दुसऱ्याने मारली तरी फेरी त्याच्या नावावरून जाणार नाही. गाडीला हात न लावण्याचा नियम तसाच राहिला. डेन्झिलला वाटलं होतं तो काढतील. इनायत म्हणाला, नियमात खोट नव्हती. डेन्झिलने कमिटीचा राजीनामा दिला आणि पुढच्या निवडणुकीत उभा राहिला नाही. त्याला कायदेवाला म्हणणंही हळूहळू बंद झालं.

मुदस्सिर आता पार्सलं वेगळी करायच्या पट्ट्यावर काम करायला लागला. रोज सकाळी डेन्झिल गाडी भरायला जायचा तेव्हा दोघांमध्ये तो सरकता पट्टा असायचा. डेन्झिल सलाम करायचा. मुदस्सिर मान हलवायचा, जेवढी कुणासाठीही हलवेल तेवढीच. त्या वर्षी ईदला शीरखुर्म्याचा डबा आला, पण तो पॉलीनच्या इस्पितळात पोचला, घरी नाही.

उन्हाळा सरता सरता मुदस्सिरने लायसन्ससाठी पुन्हा डोळे तपासून घेतले आणि पास झाला. कंपनीने त्याला सकाळची एक जवळची फेरी दिली. ज्या दिवशी चावी मिळाली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. डेन्झिल कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा नाश्ता करत होता. मुदस्सिर चहाचा कप घेऊन आला आणि समोर बसला.

"मला माफ कर," डेन्झिल म्हणाला. इतक्या महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा तोंडाने म्हटलं.

मुदस्सिरने बशीतलं बिस्किट मोडून अर्धं त्याच्यापुढे सरकवलं. "बोललास ते बरोबर केलंस," तो म्हणाला. "ते मला डोळ्याची पट्टी काढली तेव्हाच कळलं होतं. पण त्या दिवशी खिडकीतून तू बघत होतास, ते मी पाहिलं होतं. ते जात नाही रे अजून."

डेन्झिलने मान हलवली. ते त्याचंही जात नव्हतं. बाहेर गाड्या भरायची हाक आली, तसे दोघे उठले आणि आपापल्या गाडीकडे गेले.